दुरुस्तीची वही

तांबट आळीत माझं दुकान.
डावी-उजवीकडे दिवसभर हंडे ठोकले जातात,
मधल्या दहा फुटांत मी
गजाला घोड्याचे केस बांधतो.
वडील म्हणायचे, पिढ्यान्‌पिढ्या तांबं घडवलं आपण,
हे कार्टं शेपट्या विंचरतंय.

योना रणभिसेला मी वाजवताना फारसं ऐकलं नाही.
दुकान टाकून कोण जाणार?
पण त्याचं व्हायोलिन सदतीस वर्षं येतंय माझ्याकडे
आणि कुठं काय झिजलं, तेवढं मला कळतं.

पहिली नोंद: बारीक तार, एक. उधार.
तेव्हा तो शरणपूरच्या चर्चमध्ये उपासनेला वाजवायचा.
राळ जेमतेम, गज धुतल्यासारखा,
हनुवटीच्या जागी रविवारच्या पावडरीचा वास.

मग देवळालीच्या क्लबात, फौजी साहेबांच्या नाचाला.
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन,
मुठीजवळचे केस तुटून आलेले, टोकाकडचे कोरे.
'वॉल्ट्झ,' तो म्हणाला.
वहीत मी लिहिलंय: व्हॉल्व्ह.

एका वर्षी पुढचं वळणदार डोकं घासलेलं.
कुठं आपटलंस रे?
आपटलं नव्हतं. मांडी घालून बसायला लागला होता,
पंचवटीत कुणा बुवांकडे, पहाटे पाचला,
डोकं उजव्या घोट्यावर टेकवून,
तारा उतरवून सा-प-सा-प.
दोन वर्षं नुसता खर्ज घासायला लावला बुवांनी.
गळ्यातल्या क्रुसाबद्दल अवाक्षर काढलं नाही,
कप मात्र वेगळा ठेवला.
'सूर वेगळा नाही ठेवला ना,' योना म्हणाला,
आणि तारेचे पैसे मोजले.

दिवसा तो नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
करकरीत गड्ड्या मोजून निबर झालेली बोटं
संध्याकाळी मींड काढताना अडखळायची,
म्हणून खोबरेल मागायचा माझ्याकडे.
ते वहीत नाही.

मग ऑर्केस्ट्रा. सिन्नर, येवला, मनमाड,
गणपतीचे दहा दिवस, तीन हिरोंची गाणी.
व्हायोलिनच्या पोटाला भोक पाडून माइक बसवलेला,
तोही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून!
त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही.

तमाशाच्या फडाबरोबर एक हंगाम.
आतून मूठभर धूळ निघाली,
आणि एक घुंगरू, खुळखुळणारं.
काढू का?
राहू दे, ठेका चुकत नाही.

दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं त्या वर्षी
भांडीबाजारात कुणाच्या तरी माळ्याखाली
पेटी बुडून राहिली.
सगळे सांधे सुटून आले, पाटी भिजल्या पोळीसारखी.
मी म्हणालो, संपलं हे.
तो म्हणाला, नावच योना आहे माझं,
तीन दिवसांनी बाहेर यायचंच.
पाच महिने लागले. वहीत दोन पानं.
घुंगरू मी परत आत टाकलं.

अलीकडे गंगापूर धरणाकडे, वायनरीत, जॅझ.
बरोबरची पोरं नातवाच्या वयाची.
घोडीवर जांभळा डाग,
आणि गज पहिल्यांदाच सगळीकडे सारखा झिजलेला.

परवा आला. उजवा हात थरथरतो आता,
झब्ब्याच्या खिशात ठेवतो.
नवे केस बांधले, राळ लावली, विचारलं,
कशात लावू? चर्चचं की बुवांचं?
तो म्हणाला, तुला वाजवता येतं त्यात.

मला काय येतं?
तार जुळली का बघायला
चार मोकळ्या तारांवरून एकदा गज ओढतो, तेवढंच.
तेवढं वाजवलं.
बाहेर हंड्यावर हातोडा पडत होता, आतून घुंगरू किणकिणलं.
डोळे मिटून ऐकलं त्यानं, शेवटपर्यंत,
जणू त्याला पुढं काहीतरी असणार होतं.

मग घासाघीस केली, नेहमीसारखी,
आणि वीस रुपये कमी दिले.